ट्रान्सफर चार्जेस कुणी भरायचे?

नवी मुंबईतल्या सीवूड्समध्ये जुन्या फ्लॅटचा सौदा ठरत आला की ब्रोकरच्या ऑफिसात एका ठिकाणी गाडी हमखास अडते. भाव ठरलेला असतो, टोकनचा चेक लिहायला पेन बाहेर आलेलं असतं, आणि मग कुणीतरी विचारतं, "सिडकोचे ट्रान्सफर चार्जेस कुणाकडे?" विकणारे काका म्हणतात, इकडे ते घेणाऱ्यानेच भरायचे असतात, पद्धतच आहे तशी. घेणारा म्हणतो, "मग काका, भावात थोडं खाली या." ब्रोकर दोघांकडे बघून म्हणतो, "निम्मे-निम्मे करा ना."

या तिघांत अर्थशास्त्र सगळ्यात नीट कळलेलं असतं ते घेणाऱ्याला. सरकारी शुल्क कुणाच्या नावावर फाडलं जातं आणि ते शेवटी कुणाच्या खिशातून जातं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार्जेस घेणाऱ्याने भरले आणि काकांनी भाव तेवढाच उतरवला, तर चलनावर नाव घेणाऱ्याचं, पण पैसे गेले काकांचे. काकांनी भरले आणि भाव तेवढाच चढवून घेतला, तर उलट. भार कुणाकडे सरकतो ते पद्धतीवर ठरत नाही, थांबणं कुणाला परवडत नाही यावर ठरतं. काकांना मुलाकडे पुण्याला जायची घाई असेल तर तो काकांवर. घेणाऱ्याच्या मुलीला जूनमध्ये इथल्याच शाळेत घालायचं असेल तर घेणाऱ्यावर. दोघांना सारखीच घाई असली की ब्रोकरचं "निम्मे-निम्मे" चालून जातं.

एवढी एक गोष्ट हाताशी धरून फ्लॅटच्या किमतीतून जरा फिरून येऊ. फ्लॅट समजा १ कोटीचा. सीवूड्समध्ये हल्ली १ कोटीत काय मिळतं, असं विचारू नका. हिशेबाला सोपा म्हणून घेतलाय.

मुळात सिडकोला पैसे कशाचे? तर, इथे फ्लॅट घेताना तुम्ही जमीन घेत नाही. जमीन सिडकोची, आणि ती ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली. सोसायटी म्हणजे एका मोठ्या जमीनमालकाची लांब मुदतीची भाडेकरू. त्यामुळे घर हातबदल झालं की मालकाला कळवायचं, शुल्क भरायचं, एनओसी घ्यायची.

याचं मूळ १९७० च्या एका निर्णयात आहे. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' नियतकालिकातून मांडलं होतं, की मुंबई उत्तरेकडे ताणत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर वसवावं. सरकारने कल्पना उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची ३४४ चौरस किलोमीटर जागा नव्या शहरासाठी ठरली. आपल्या स्टेशनच्या पाटीवर सीवूड्सच्या जोडीला नाव आहे ते दारावे, आणि पलीकडचं करावे, ही त्यांतलीच गावं.

शहर उभारायला पैसा कुठून आणायचा, याला दोन वाटा होत्या. एक, राज्याच्या तिजोरीतून. म्हणजे यवतमाळच्या कापूसवाल्यापासून कोल्हापूरच्या ऊसवाल्यापर्यंत सगळ्यांच्या करातून. दुसरी, जमीन हेच भांडवल. शेतजमीन शेतीच्या भावात घ्यायची, तिथे रस्ते, गटारं, पाणी, वीज आणायची, भूखंड शहराच्या भावात विकायचे आणि त्या पैशातून पुढचा नोड (म्हणजे नव्या शहराचा पुढचा भाग) उभा करायचा. दुसरी वाट निवडली गेली. राज्याच्या दृष्टीने ती शहाणपणाचीच होती. यवतमाळच्या माणसाने पाम बीच रोडचा खर्च का म्हणून उचलावा? पण या वाटेने गेलं की शहराचा खर्च जमिनीच्या दोन भावांमधल्या फरकातूनच निघतो. एका टोकाला स्वस्तात जमीन दिलेला शेतकरी, दुसऱ्या टोकाला महागात घर घेणारा. नवी मुंबईचा कर या दोघांनी भरला. त्याचं चलन कधी निघालं नाही, इतकंच.

शेतकऱ्याचा हिशेब आधी करू, कारण तो आधी बुडाला. मोबदल्याच्या दरावरून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, आणि जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात जासई-नवघर भागात पोलिसांच्या गोळीबारात ५ जणांचा बळी गेला. त्या लढ्यातून पुढे १९९० च्या दशकात 'साडेबारा टक्के योजना' आली. तिचं गणित असं. तुमची १ हेक्टर, म्हणजे १०,००० चौरस मीटर जमीन गेली असेल, तर साडेबारा टक्क्यांनी १,२५० चौरस मीटरचा विकसित भूखंड तुमचा. पण त्यातून ३.७५ टक्के सार्वजनिक सुविधांसाठी वजा. हातात ८७५. त्यावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे साधारण १,३१२ चौरस मीटर बांधकाम. आणि तो भूखंडही पुन्हा ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने! स्वतःच्याच वडिलांच्या शेतात भाडेकरू.

सीवूड्समधल्या कितीतरी इमारती या योजनेतल्या भूखंडांवर उभ्या आहेत. ब्रोकर अजून सांगतात, "साडेबारा टक्क्यांतली बिल्डिंग आहे, सिडकोच्या टेंडरची नाही." इथेही ब्रोकरच्या ऑफिसातलाच नियम चालला. योजना आली तोवर संपादनाला दोन दशकं होत आली होती. ज्यांना थांबणं परवडलं नाही त्यांनी भूखंडाचा ताबा मिळायच्या आधीच हक्क बिल्डरला लिहून दिला. ज्यांना परवडलं त्यांनी भागीदारीत इमारत बांधली आणि फ्लॅट, दुकानगाळे ठेवले. सरकारचा निर्णय सगळ्यांसाठी एकच, पण दोन शेजाऱ्यांच्या पदरात पडलेलं वेगवेगळं. सरकारी योजनेची जाहिरात वाचताना मी आता आधी बघतो, ती हातात पडायला किती वर्षं लागणार. मदत उशिरा आली की ती ज्याच्यासाठी होती त्याच्याकडून दुसऱ्याकडे गेलेली असते.

आता घर घेणाऱ्याकडे येऊ. सिडकोने एखादा भूखंड चढ्या बोलीने विकला की चर्चा सुरू होते, "सरकारनेच भाव वाढवले." जमीन महाग म्हणून घर महाग, हे आपण गृहीत धरलेलं असतं. हिशेब खरं तर उलटा आहे. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये इंग्लंडमधल्या शेतीबद्दल हे मांडलं होतं: खंड जास्त म्हणून धान्य महाग नसतं, धान्य महाग विकलं जातं म्हणून जमिनीचा खंड चढतो. बिल्डर अगदी असाच मागून पुढे येतो. इथे फ्लॅट केवढ्याला जाईल, हे तो पहिल्यांदा ठरवतो. त्यातून बांधकाम, व्याज, परवानग्या, स्वतःचा नफा वजा करतो. उरेल ती जमिनीची बोली. उद्या सिडकोने तोच भूखंड निम्म्या भावात दिला तर फ्लॅट निम्म्यात मिळणार नाही. घेणारा जेवढे द्यायला तयार आहे तेवढेच बिल्डर घेईल, आणि वाचलेले पैसे त्याच्या खिशात जातील. सार्वजनिक पैसा बिल्डरला देण्यापेक्षा लिलाव बरा, असंच मी म्हणेन.

म्हणजे सिडको निर्दोष? तसंही नाही. तिचा खरा प्रभाव बोलीच्या आकड्यात नाही. वर्षाला किती भूखंड बाजारात सोडायचे, कुठे सोडायचे, त्यावर किती मजले चढू द्यायचे, यात आहे. शहरातल्या जमिनीचा जवळजवळ एकच मालक असेल आणि भूखंडाच्या भावावरच त्याचं घर चालत असेल, तर जमीन मुबलक करून भाव पाडायची त्याला घाई कशी असेल? हाँगकाँगमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथली जवळपास सगळी जमीन सरकारच्या मालकीची, भाडेपट्ट्याने दिलेली. तिच्या विक्रीतून तिजोरी भरते, म्हणून उत्पन्नावरचा कर कमी. आणि घरं जगातल्या सगळ्यात महागड्या घरांमध्ये. तिथला माणूस आयकर वाचवतो आणि तो घराच्या किमतीत मोजतो. सिडको २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना घेऊन आली, आणि किमती जाहीर होताच आर्थिक दुर्बल गटाला हे परवडणार कसं, अशी ओरड झाली. भूखंडातून कमवा आणि स्वस्त घरंही द्या, अशी दोन कामं एकाच कंपनीला दिल्यावर दुसरं होणार नव्हतंच.

हा पैसा जातो कुठे, ते मात्र डोळ्यांना दिसतं. नवी मुंबईत रेल्वे आली तेव्हा खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. मानखुर्द-वाशी मार्ग १९९२ मध्ये सुरू झाला आणि पुढच्या वर्षी बेलापूरपर्यंत पोहोचला. म्हणजे वाशीच्या भूखंडांनी लोकल आणली. वर प्रवाशांच्या तिकिटावर अधिभार. सीवूड्स-दारावे स्टेशन तर स्वतःच जमिनीच्या व्यवहारातून उभं आहे. स्टेशन आणि भोवतीची सुमारे १६ हेक्टर जागा विकसित करायची निविदा २००८ मध्ये एल अँड टीने घेतली, ती सुमारे १,८०० कोटी रुपयांना. भागाकार केला तर चौरस मीटरला लाखभराहून जास्त. २०१७ मध्ये मॉल उघडला. आपण सकाळी ज्या जिन्याने प्लॅटफॉर्मवर उतरतो, त्याचे पैसे डोक्यावरच्या दुकानांनी दिले आहेत.

स्टेशन झालं, भाव चढले. फायदा कुणाला? ज्याचं घर आधीपासून होतं त्याला, काहीही न करता. आणि भाड्याने राहणारा? त्याच्याबद्दल कुणी लिहीत नाही. त्याला स्टेशन जवळ आलं हे खरं, पण पुढच्या अकरा महिन्यांच्या करारात घरमालकाने ती जवळीक भाड्यात वसूल केली. सार्वजनिक पैशाने केलेली सुधारणा भाडेकरूपाशी पोहोचता पोहोचता मालकाच्या खात्यात जमा होते. याला उतारा एकच, पर्याय वाढवणं. उरणची लोकल २०१८ मध्ये उलव्यातल्या खारकोपरपर्यंत आणि जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत गेली. आता सीवूड्सचा भाडेकरू मालकाला "मग आम्ही उलव्याला जातो" असं म्हणू शकतो. त्याच्या दृष्टीने हा सरकारचा सगळ्यात कामाचा निर्णय, आणि तो दुसऱ्याच नोडमध्ये झालेला.

पुढचा मुक्काम सह दुय्यम निबंधकाचं कार्यालय. तिथे मुद्रांक शुल्क. करारातली किंमत आणि रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, यांत जी रक्कम मोठी तिच्यावर ते आकारतात. सोबत नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांपेक्षा जास्त नाही. इथे २०२० मध्ये सरकारने एक प्रयोगच केला म्हणायचा. कोविडने व्यवहार ठप्प झाले होते, म्हणून १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्कात ३ टक्क्यांची सूट दिली, आणि मार्च २०२१ अखेरपर्यंत २ टक्क्यांची. आपल्या १ कोटीच्या फ्लॅटला सरळ ३ लाख वाचले. मुंबईत एकट्या डिसेंबर २०२० मध्ये १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. शुल्क मुदतीत भरून ठेवा, दस्त चार महिन्यांत नोंदवा, अशी सोय असल्याने ३१ डिसेंबरच्या आधी चलनांची झुंबड उडाली.

ते ३ लाख कुणाला मिळाले? बाजार मेलेला होता, विकणाऱ्याला घाई होती, त्यामुळे सुरुवातीला बहुतेक घेणाऱ्याला. उरलेलं शुल्कही आम्हीच भरतो, असे बोर्ड बिल्डरांनी लावले होते. पण मुदत जवळ आली तशी घाई घेणाऱ्याला झाली, आणि मार्चमध्ये घासाघीस करायला जागा उरली नाही. सूट तीच, पण खिसा बदलला. यातले बरेच व्यवहार पुढच्या वर्षी झालेच असते, ते अलीकडे ओढले गेले. एप्रिल २०२१ मध्ये नोंदणी धाडकन खाली आली. अर्थात तेव्हा दुसरी लाटही होती, त्यामुळे सगळा दोष मुदत संपण्यावर टाकता येणार नाही. मुदतीची सूट मिळते ती ज्याचं कर्ज आधीच मंजूर होऊन पडलं आहे त्याला. ज्याची जमवाजमव अजून चालू आहे, त्याला मिळतो नंतरचा चढा भाव. बाईच्या एकटीच्या नावावर घर असेल तर १ टक्का कमी, ही एप्रिल २०२१ पासूनची सवलत मला म्हणूनच जास्त आवडते. तिला मुदत नाही, झुंबड नाही, आणि घराच्या कागदावर बाईचं नाव येतं. सुरुवातीला या सवलतीला एक अट होती, की ते घर १५ वर्षं पुरुषाला विकायचं नाही. ती २०२३ मध्ये काढली, बरं झालं.

पण मुद्रांकाच्या ३ लाखांवर आपण जेवढं बोलतो, त्याच्या दशांशही व्याजदरावर बोलत नाही. रेपो दर मे २०२० मध्ये ४ टक्के झाला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर गेला. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जं बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच, बांधलेली आहेत. त्यामुळे तो हलला की आपलं कर्ज हलतं. फ्लॅटवर ७५ लाखांचं कर्ज, २० वर्षांसाठी. ७ टक्क्यांनी हप्ता ५८,१४७ रुपये. ९ टक्क्यांनी ६७,४७९. महिन्याला ९,३३२ चा फरक, आणि दर तसाच राहिला तर २० वर्षांत २२ लाखांहून जास्त. गंमत पुढे आहे. बँक बऱ्याचदा हप्ता वाढवत नाही, मुदत वाढवते. ५८,१४७ चाच हप्ता ठेवून ९ टक्क्यांनी कर्ज फेडायचं म्हटलं, तर ते २० च्या जागी ३८ वर्षं चालतं. मुदतवाढीचा मेसेज मोबाइलवर येतो आणि आपण तो ओटीपीच्या मेसेजांबरोबर पुसून टाकतो. रेपो रिझर्व्ह बँकेची समिती ठरवते, सरकार नाही, हे खरं. पण महागाई ४ टक्क्यांवर ठेवा हे लक्ष्य २०१६ मध्ये तिला केंद्र सरकारने दिलेलं आहे. भाजीवाल्याकडची महागाई आवरायची किंमत घराचा हप्ता भरणारा देतो, आणि ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या आजीला तीच वाढ हवी असते. एकाच घरात दोघं राहत असतील तर बाजू कुणाची घ्यावी, ते त्यांनी ठरवावं.

घराबाहेर पडल्यावर हाच खेळ लहान रकमांत चालू असतो, तो भरभर सांगतो. नवी मुंबईने जकातनाके कधी लावले नाहीत. व्यापाऱ्यांकडून उपकर घेतला, २०१३ पासून स्थानिक संस्था कर (एलबीटी), आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर महापालिकेला राज्याकडून भरपाई मिळते, कायद्याने वर्षाला ८ टक्के वाढणारी. आता आपल्या साबणावरचा कर दिल्ली-मुंबई फिरून बेलापूरला महापालिकेकडे परत येतो. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून वाशी टोलनाक्यावर मोटारींना टोल माफ झाला. भरपाईचा बोजा सरकारी तिजोरीवर. तिजोरीत सीवूड्सहून सीएसएमटीला लोकलचा पास काढून जाणाऱ्याचाही पैसा आहे. त्याने आयुष्यात टोल भरला नव्हता, आता भरतो.

शेवटी परत त्या भाडेपट्ट्यावर. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर निर्णय जाहीर झाला, की सिडकोचे भूखंड एकरकमी शुल्क घेऊन मालकी हक्काचे करायचे. मग एनओसी नको, ट्रान्सफर चार्जेस नकोत. काका खूश झाले. व्हायलाच हवेत, कारण जो भार दर विक्रीच्या वेळी किमतीतून वजा होत होता, तो गेला की किंमत तेवढी वर जाते. आजचा मालक ती एकदाच घेऊन जातो. उद्या घेणाऱ्याला चार्जेस लागणार नाहीत, पण ते त्याने भावातच दिलेले असतील. आणि इतकी वर्षं भूखंडांवर शहर चालवणाऱ्या सिडकोचं एक कायमचं उत्पन्न थांबलं, तर पुढचे रस्ते आणि पूल कुणाच्या पैशाने होणार, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. निर्णय चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. ज्यांनी साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आयुष्याची कमाई लावली, त्यांना मालकी मिळावीच. पण हा निर्णय फुकट नाही, आणि त्याचं बिल सीवूड्समध्ये अजून घर नसलेल्या माणसाच्या नावे निघणार आहे.

तुम्ही तो माणूस असाल, तर ट्रान्सफर चार्जेसवर भांडण्यात अर्धा तास घालवू नका. ती रक्कम भावात फिरतेच. त्याऐवजी टोकनचा चेक लिहिण्याआधी सोसायटीकडून भाडेपट्ट्याचा मूळ करार मागा, त्यावरची तारीख बघा आणि तिच्यात ६० मिळवा. येणारं साल तुमच्या कर्जाचा शेवटचा हप्ता ज्या साली येतो त्याच्या शेजारी लिहा. मालकी हक्काचं शुल्क सोसायटीने भरलंय का, नसेल तर ते पुढे कुणाच्या वाट्याला येणार, हे काकांना तेव्हाच विचारा. भाव त्यानंतर बोला.